त्रिसूत्रीत सरकार कुठे आहे?

शाळा सुधारायच्या असतील तर तीन गोष्टी करा, असा सल्ला आता शिक्षण परिषदांत, कंपन्यांच्या सीएसआर अहवालांत आणि मंत्रालयातल्या सादरीकरणांतही एकाच सुरात ऐकू येतो. मुख्याध्यापकांना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्या, मुलांना सामाजिक-भावनिक शिक्षण द्या, वर्गात तंत्रज्ञान आणा. या तिन्हींच्या बाजूने संशोधन आहे, यशोगाथा आहेत आणि हे सांगणारी माणसं बहुतेक वेळा प्रामाणिकही असतात. या गोष्टी निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. शाळा का बिघडल्या याचं एक उत्तर या त्रिसूत्रीत आधीच गृहीत धरलेलं आहे. मुख्याध्यापकाला दृष्टी नाही, मुलाचं मन कच्चं आहे आणि शिक्षक जुन्या जमान्यातला आहे. म्हणजे दोष कुणाचा, तर शाळेच्या आवारात जे हजर आहेत त्यांचा. पदं भरणं, वीजबिल भरणं, शिक्षकाला वर्गात राहू देणं ही ज्यांची जबाबदारी, त्यांचं नाव या यादीत कुठेच येत नाही.

महाराष्ट्रातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून हे तिन्ही उपाय तपासू. गोरगरिबांची बहुतेक मुलं तिथेच आहेत, आणि हे उपाय सर्वांत जास्त तिच्यावरच आजमावले जात आहेत.

आधी नेतृत्व, कारण ते सर्वांत भारदस्त. कॅनडातले संशोधक केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निष्कर्ष या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येतो: मुलांच्या शिकण्यावर प्रभाव टाकणाऱ्या शाळेतल्या घटकांमध्ये वर्गातल्या अध्यापनानंतर नेतृत्वाचा क्रमांक लागतो. वक्ते दुसऱ्या क्रमांकावर तासभर बोलतात. पहिला क्रमांक अध्यापनाचा आहे, याकडे फारसं कुणी वळत नाही.

आता जमिनीवर या. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५०च्या वर असेल तरच पूर्णवेळ मुख्याध्यापकाचं पद, आणि सहावी ते आठवीसाठी १००च्या वर. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळाच जवळपास पंधरा हजार आहेत. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा बहुतेक द्विशिक्षकी. म्हणजे ज्याला नेता बनवायचं त्याचं पदच कागदावर नाही. दोन शिक्षकांपैकी जो ज्येष्ठ, तो प्रभारी मुख्याध्यापक. तो वर्गही घेतो आणि बाकीचं सगळंही करतो. पोषण आहाराचा तांदूळ किती शिजला, किती उरला याची रोजची नोंद, यू-डायसची माहिती, आधार जुळवणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, खोली गळत असेल तर तिच्या दुरुस्तीचा पाठपुरावा, बीएलओ म्हणून मतदार याद्यांचं काम, आणि या सगळ्यावर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या दहा-पंधरा शाळांच्या गटाच्या, वॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणारा निरोप: आज दुपारी दोनपर्यंत लिंक भरून पाठवावी, निरंक असल्यास निरंक कळवावे. तो पंचायत समितीत बैठकीला गेला की दुसऱ्या शिक्षकाकडे चारही वर्ग. त्याला नेतृत्व विकासाच्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं, की ते पाच दिवस शाळा एकशिक्षकी.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडल्यास शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येणार नाही. मतदार याद्या आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना सुट्टीच्या आणि शिकवण्याखेरीजच्या दिवशी द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलं होतं. कायदा आहे, निकाल आहे, आणि तरी लिंक दोनपर्यंतच भरायची आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक याची वर्गवारी करणारा शासन निर्णय काढला. शिक्षकांच्या संघटनांनी त्यातली विसंगती तेव्हाच दाखवून दिली: जी कामं कमी व्हावीत म्हणून ओरड होती, त्यांतली पुष्कळशी आता अधिकृतपणे शैक्षणिक झाली.

नेतृत्वाच्या उपायाचा एक मोठा प्रयोग शेजारच्या मध्य प्रदेशात झाला आणि त्याचा कार्तिक मुरलीधरन व अभिजीत सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी काटेकोर अभ्यास केला. शाळांचं मूल्यांकन झालं, प्रत्येक शाळेने आपला सुधार आराखडा लिहिला, वरून पर्यवेक्षण ठरलं. कागदावर कार्यक्रम उत्तम राबवला गेला. शाळेच्या कारभारात, शिक्षकांच्या मेहनतीत, मुलांच्या शिकण्यात मात्र काहीही फरक पडला नाही. खरी मौज पुढे आहे. आराखडे लिहून झाले म्हणून कार्यक्रम यशस्वी मानला गेला, आणि त्याच धर्तीचा कार्यक्रम देशभरातल्या सहा लाखांहून अधिक शाळांपर्यंत नेण्याची पावलं उचलली गेली. आपल्याकडेही सुंदर शाळेच्या स्पर्धेसाठी गुण मिळवणं आणि फोटो अपलोड करणं झालं. भिंतीवरचं चित्र फोटोत येतं. तिसरीतल्या पोराला वाचता येत नाही हे फोटोत येत नाही.

इथे समोरचा माणूस हमखास एक प्रश्न विचारतो. त्याच परिस्थितीत, त्याच पगारात काही शाळा चमकतात, त्या कशा? प्रश्न रास्त आहे आणि उदाहरणं खरी आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारात लोकपसंतीचा मान मिळाला. ही कामं मोठी आहेत आणि त्यांचं कौतुक करताना हात आखडता घेण्याचं कारण नाही. पण अशा उदाहरणांवरून धोरण आखणं म्हणजे पंढरीला पायी जाणारे वारकरी बघून एसटीच्या फेऱ्या बंद करण्यासारखं आहे. काही माणसं व्यवस्थेच्या विरोधात उभी राहून काम करतात. प्रत्येकाने तसंच करावं अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था आपली लाज त्यांच्या सत्काराच्या शालीखाली झाकत असते. डिसले यांच्याच बाबतीत बघा. जगाने गौरवलेल्या या शिक्षकाच्या अमेरिकेतल्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेचा प्रश्न २०२२ मध्ये वादाचा विषय झाला आणि तो मंत्र्यांपर्यंत गेला. कोण बरोबर, कोण चूक हे बाजूला ठेवू. नेतृत्व हवं म्हणणाऱ्या यंत्रणेला नेतृत्वाचं पुढे काय करायचं हे ठाऊक नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

नेतृत्व खरंच हवं असेल तर ते कुठे ठेवायचं याची सोय महाराष्ट्राने फार पूर्वी केली होती. दहा-पंधरा शाळांमागे एक केंद्रप्रमुख, राज्यभर अशी ४,८६० पदं. त्याने शाळेत जाऊन पाठ बघायचा, शिक्षकाशी बोलायचं, अडलं तर स्वतः पाठ घेऊन दाखवायचा. छोट्या शाळांच्या राज्यात याहून शहाणी रचना सुचणं कठीण. आज ती कुठे आहे? २०२३ मध्ये केंद्रप्रमुखांच्या २,३८४ जागांसाठी विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली आणि मग ती परीक्षा लांबतच गेली. एका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार, आणि त्याचंही मुख्य काम लिंक भरून घेण्याचं. नेतृत्वावर कार्यशाळा घ्यायला आपल्याकडे पैसा आहे. ज्या पदावर ते नेतृत्व बसायचं ते भरायला मात्र वेळ मिळत नाही.

दुसरा उपाय भावनांचा. इथे मला बोलताना जपून बोलावं लागतं, कारण मुलांच्या मनाची काळजी घेण्याविरुद्ध कोण बोलेल? शिवाय मराठी मुलखाला ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी जे केलं, ते आजच्या परिभाषेत सामाजिक-भावनिक शिक्षणच होतं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेण्याची कल्पना तिथली. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हा मुलाच्या भावनेला वेळापत्रकात वेगळी तासिका नव्हती. ती भाषेच्या, गणिताच्या, परिसराच्या प्रत्येक तासात होती. या बायांचं काम सोपं वाटतं, पण त्याच्या मुळाशी एक अवघड गोष्ट होती: शिक्षकाला प्रत्येक मूल ठाऊक होतं. कुणाच्या घरी काल काय झालं, कोण उपाशी आलंय, कोण बोलत नाही आणि का.

आता संशोधन. जोसेफ डुर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २१३ कार्यक्रमांचा एकत्र आढावा घेतला. मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली आणि अभ्यासातही शंभरात अकरा स्थानांनी वर सरकण्याइतका फायदा दिसला. समर्थक हा आकडा अभिमानाने सांगतात. त्याच आढाव्यात पुढे असं आहे की अभ्यासातला हा फायदा शाळेच्या स्वतःच्या शिक्षकांनी कार्यक्रम राबवला तिथेच दिसला. बाहेरून आलेल्यांनी राबवला तिथे नाही. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलांवर सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या पाठांचा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: शाळेत आधीपासून जे शिकवलं जात होतं त्याच्या तुलनेत मुलांच्या मानसिक आरोग्याला काही अधिक लाभ झाला नाही. तासिका घातली म्हणजे मन बदलतं, या समजुतीला हे चांगलंच उत्तर आहे.

दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम आणला, दलाई लामांच्या उपस्थितीत. आपल्याकडे २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आहे. शनिवारी मुलं खेळतात, गातात, गोष्टी सांगतात. त्याला माझा काय आक्षेप असणार? एरवी पाच दिवस शाळा कशी असते, हे मात्र त्या नावावरून सहज कळतं. बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमाराला आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मूल एक तर आजीजवळ राहतं, नाही तर हंगामी वसतिगृहात, नाही तर कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीत. या मुलाला रागावर ताबा कसा ठेवायचा हे शिकवण्याआधी हंगामी वसतिगृहाचा निधी वेळेवर आला का, हे विचारायला हवं. नंदुरबारमध्ये पावरी किंवा भिली, यवतमाळमध्ये कोलामी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि समोरचा शिक्षक प्रमाण मराठीत बोलतो. ते मूल गप्प बसतं. त्या गप्प बसण्याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणणं सोपं आहे. खरं तर त्याला समोरचं काही कळत नाहीये, आणि जे कळत नाही त्यावर श्वासाचे व्यायाम हा उपाय नव्हे. तिसरीत वाचता न येणाऱ्या पोराला रोज वर्गात जी शरम वाटते, तिच्यावरचं सर्वांत चांगलं भावनिक शिक्षण म्हणजे त्याला वाचायला शिकवणं.

२०२४च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के होती. दोन वर्षांपूर्वीपेक्षा हा आकडा बराच वर आलाय, हे कबूल केलं पाहिजे. तरीही चारातली तीन मुलं मागे आहेत. त्याच पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. म्हणजे मुलांना यंत्र वापरायला शिकवण्याची गरज शाळेला फारशी उरलेली नाही.

मग वर्गातल्या तंत्रज्ञानाकडे. इथे थोडक्यात आटोपता येईल, कारण पुरावा तसा जुना आहे. २०१५ मध्ये ओईसीडीच्या अहवालाने सांगितलं की ज्या देशांनी शाळांत संगणकांवर भरमसाट खर्च केला, त्यांच्या मुलांच्या वाचनात, गणितात, विज्ञानात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. पेरूने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत लाखो लॅपटॉप वाटले. ग्रामीण शाळांत केलेल्या अभ्यासात भाषेवर आणि गणितावर परिणाम आढळला नाही.

समर्थकांकडे याला एक भक्कम उत्तर आहे आणि ते टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा प्रयोग झाला, त्यात अवघ्या साडेचार महिन्यांत मुलांच्या गणितात आणि हिंदीत भरीव सुधारणा झाली. अभ्यास पक्का आहे. पण प्रयोग काय होता ते बघा. शाळा सुटल्यावरच्या केंद्रात आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास. त्यातला निम्मा वेळ मूल संगणकावर, आणि ते सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची इयत्ता विसरून त्याला जिथे अडतं तिथून सुरुवात करणारं. उरलेला निम्मा वेळ छोट्या गटात, माणसाबरोबर. आपल्या शाळेत स्मार्ट टीव्ही येतो, त्यावर चाळीस मुलांना एकच व्हिडिओ लागतो आणि त्याला डिजिटल शाळा म्हणतात. या दोन्हींमध्ये वीज सोडली तर समान काही नाही.

आणि वीज तरी असते का? समग्र शिक्षा अभियानातून तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान मिळतं. खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, सगळं त्यातच. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणलेल्या शाळांची जोडणी बिल थकल्यामुळे तोडल्याच्या बातम्या गावोगावच्या पत्रांत येतच असतात. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर गावकऱ्यांनी आपल्या शाळांसाठी केवढा पैसा उभा केला! त्या पैशाची बूज राखायला निदान बिल तरी भरायचं होतं.

एक गंमत मात्र नोंदवून ठेवतो. तंत्रज्ञान आमच्या शाळांत जिथे खरोखर पोचलं, तिथे ते शिकवायला कमी आणि मोजायला जास्त पोचलं. २०२३च्या डिसेंबरपासून मुलांची हजेरी चॅटबॉटवर नोंदवायची. पोषण आहार ॲपवर, चाचण्यांचे गुण पोर्टलवर. शिक्षकाच्या हातातला मोबाईल मुलासाठी नाही, तो जिल्ह्याच्या तक्त्यासाठी आहे. ज्या तंत्रज्ञानाने शिक्षकाचा वेळ वाचायला हवा होता, त्याने तो खाल्ला. परितेवाडीच्या पुस्तकांवरच्या क्यूआर कोडचं कौतुक करणाऱ्यांनी त्या कथेतला आधीचा भाग वाचावा: गावातल्या मुलींची घरची भाषा कानडी होती म्हणून डिसले आधी कानडी शिकले, पाठ्यपुस्तकाचा मजकूर त्यांच्या भाषेत आणला, आणि मग त्यावर कोड चिकटवले. धोरणात फक्त कोड आले.

“मग काय, सगळी पदं भरेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं?” असं कुणी विचारेल. मुळीच नाही. क्रम बदला, एवढंच म्हणणं आहे. प्रत्येक केंद्राला एक लिपिक किंवा डेटा ऑपरेटर द्या आणि शाळेकडून मागितली जाणारी प्रत्येक माहिती त्याच्यामार्फतच जाऊ द्या. याचा खर्च एका जिल्ह्याच्या टॅब खरेदीहून जास्त व्हायचा नाही असा माझा अंदाज आहे. शाळांची वीजबिलं शाळेकडे न येता थेट जिल्हा परिषदेच्या खात्यातून जाऊ द्या. केंद्रप्रमुखांच्या जागा भरा आणि त्यांना महिन्यातले बहुतेक दिवस वर्गात बसू द्या; नेतृत्वाचं प्रशिक्षण घ्यायचं तर मग त्यांना द्या, फायदा दहा शाळांना होईल. तिसरी संपताना प्रत्येक मुलाला वाचता यावं, हे केंद्र सरकारच्याच ‘निपुण भारत’चं ध्येय २०२६-२७ पर्यंतचं आहे. वर्गात शिक्षक टिकला नाही तर ते कुठल्या ॲपने गाठायचं?

पैसा नाही, ही सबब ऐकून घ्यायला मी तयार नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं. तेच २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुन्हा सांगितलं. मधली चोपन्न वर्षं आपण ते वाक्य पुढच्या अहवालात उतरवून घेत होतो.

सगळे शिक्षक साधू आहेत, असंही मी म्हणत नाही. मुख्यालयी राहत असल्याचे ग्रामसभेचे ठराव कसे मिळवले जातात, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. शाळेत उशिरा येणारा, वर्गात मोबाईल बघणारा शिक्षक मीही पाहिला आहे. पण कामचुकार शिक्षकाला सर्वांत सोयीचा आडोसा कोण देतं? हीच व्यवस्था. रोज एक लिंक, एक बैठक, एक प्रशिक्षण असेल तर वर्गात नसण्याचं कारण शोधावं लागत नाही. जो प्रामाणिक आहे त्याची दमछाक होते, जो नाही त्याचं फावतं.

तुमचं मूल, नातवंड किंवा शेजाऱ्याचं पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तर एक काम करा. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीला जा आणि विचारा: गेल्या महिन्यात आमचे गुरुजी आणि बाई किती दिवस वर्गात होते, नसतील त्या दिवशी कुठे होते आणि कुणाच्या आदेशाने. उत्तर तारखांसह इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. पोच घ्यायला विसरू नका.